भाताची मूद

आमच्या घरात भात बंद झाला तो एका मंगळवारी. आदल्या दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी नवऱ्याला कसल्याशा वजनकाट्यावर उभं करून त्याचं ‘मेटाबॉलिक वय’ काढून दिलं होतं. ते ६१ निघालं. प्रत्यक्षात तो ५० चा. घरी आल्यावर बूट काढायच्याही आधी त्याने जाहीर केलं, “उद्यापासून कार्ब्स बंद.”

सासूबाई टीव्हीसमोर मटार सोलत बसल्या होत्या. “म्हणजे काय काय रे?”

“भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ. केळंपण.”

त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. “मग चालू काय आहे?”

चालू होतं पनीर, चीज, अंडी, बदाम आणि फ्लॉवर. त्यातल्या फ्लॉवरने आमचा अंत पाहिला. कुठलातरी व्हिडिओ बघून नवऱ्याने तो किसला, कढईत परतला आणि वर वरण ओतून ‘हा भातच’ अशी स्वतःची समजूत घातली. सासूबाईंनी घासभर चाखून पाहिला. “चव वाईट नाही रे,” त्या म्हणाल्या, “पण भाजीवर वरण का घेतलंयस?”

शाळेत आम्हाला ‘पिष्टमय पदार्थ’ शिकवले होते. तो शब्द मला अजून आवडतो. पिष्टमय म्हटलं की गिरणी आठवते, पांढऱ्या भुवयांचा गिरणीवाला आठवतो, डब्यातून हाताला लागणारं गरम पीठ आठवतं. त्याच पिठाला कार्ब्स म्हटलं की ते एकदम पोलीस चौकीतल्या फळ्यावर फोटो लागल्यासारखं दिसायला लागतं.

तर पहिल्या आठ दिवसांत नवऱ्याचे ३ किलो उतरले. तो रोज सकाळी काट्यावरून उतरून आकडा मोठ्याने सांगायचा. मग एका शनिवारी चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न आलं. कार्यालयात मसालेभात, जिलबी, मठ्ठा. माणूसच तो, किती तग धरणार? सोमवारी काटा २ किलोंनी वर. नवऱ्याचा चेहरा असा, की जिलबीने त्याचा विश्वासघात केलाय.

जिलबी इतकी ताकदवान नसते. शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात करून ठेवतं. सगळा मिळून अर्धा किलो, फार तर. पण त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. पिष्टमय खाणं तोडलं की आधी हा साठा रिकामा होतो, आणि त्याच्यासोबत दीड-दोन किलोचा टँकरही. मसालेभात खाल्ला की टँकर परत दारात. हे मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मी आठ दिवस फ्लॉवर खाऊन पाणी घालवलं?” थोडी चरबीही गेली असेल, असं मी म्हणाले. संसारात इतपत सवलत द्यावी लागते.

ही तोडातोडी आजची नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. अंगाने इतके सुटले होते, की स्वतःच्या बुटांचे बंद बांधता येत नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, बटाटा, साखर, बिअर वगैरे सोडलं, बारीक झाले, आणि १८६३ साली त्यावर एक छोटी पुस्तिका छापली. ती इतकी गाजली, की इंग्रजीत डाएट करण्यालाच लोक ‘बँटिंग’ म्हणायला लागले. म्हणजे कार्ब्सच्या विरोधातली पहिली मोठी मोहीम शवपेट्या पुरवणाऱ्या माणसाने काढली होती. गिऱ्हाईक लांबवण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न दुसऱ्या कुठल्या धंद्यात झाला नसेल.

आपल्याकडे तर गेल्या काही वर्षांत घराघरांत दोन तट पडले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दोनदाच जेवणार, तेही घड्याळ लावून ५५ मिनिटांत. ऋजुता दिवेकरांचे अनुयायी गरम भातावर तूप घेऊन निवांत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या कोजागरीत मसाला दूध प्यावं की नाही यावरून दोन्ही पक्षांची अशी जुंपली, की चंद्राकडे कुणी बघितलंच नाही.

भाताची भीती अगदी पोकळ आहे असंही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर गेला होता. माझ्या नणंदेला मधुमेह आहे. तिचं गणित वेगळं, ते तिचे डॉक्टर बघतात. माझ्या तपासणीत साखर ठीक निघाली. बिघडली होती ती कंबर. डॉक्टरांनी कागदावर तिच्याभोवती गोल केला आणि म्हणाले, “वजन सोडा, स्नायू वाढवा. जिना चढताना दम लागतो ना?” लागत होता. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला शेजाऱ्यांच्या नावाच्या पाट्या पाठ झाल्या होत्या.

जिम लावली. तिथला ट्रेनर पोरगा गोड होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, चपाती बंद करा.”

“पोळी,” मी म्हणाले.

“तेच ते.”

पुण्यात हे तेच ते नसतं, पण मी गप्प बसले. त्याच दुपारी मी विसरलेली पाण्याची बाटली आणायला परत गेले, तर हा कोपऱ्यातल्या बाकावर डबा उघडून बसलेला. तीन चपात्या, बटाट्याची भाजी, वर लिंबाचं लोणचं. मला बघून त्याने झाकण अर्धवट ओढलं. “मॅडम, माझं वेगळं आहे. मी वर्कआउट करतो ना.”

त्याच्या एवढ्याशा वाक्यात मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. चपाती त्याच्या दंडात जात होती, माझी पोळी कुठे जात होती ते डॉक्टरांनी गोल करून दाखवलंच होतं. पुण्यातच हमाल पंचायतीचं ‘कष्टाची भाकर’ आहे. तिथे जेवून उठलेला माणूस पोतं पाठीवर घेतो. त्याला कुणी भाकरी सोडायला सांगत नाही. मी दिवसभरात उचलते तो फक्त माउस.

मग मी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि आठवडाभर घरातला प्रत्येक पदार्थ तोलला. सासूबाईंना आधी वाटलं, मी वाणसामानाचा हिशेब तपासतेय. तिसऱ्या दिवशी त्या फळीवरून एक पितळी वाटी घेऊन आल्या. लहानशी, बुडाला किंचित निमुळती, आतून कल्हई केलेली. “ही तोलून बघ.” त्यांच्या सासूबाईंची मुदीची वाटी. पूर्वी पंगतीत भात वाढताना तो वाटीत दाबून पानावर उपडा करत, त्याची मूद पडे, वर वरण, तूप, लिंबाची फोड. मी तशीच मूद पाडली. काठ जरासा ढासळला. त्यांनी बोटाने सारखा केला. काट्यावर आकडा आला ९५ ग्रॅम.

शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात. म्हणजे ही मूद सव्वाशेच्या आत. त्या रात्री नवऱ्याचा, म्हणजे फ्लॉवरमधून मुक्त झालेल्या नवऱ्याचा, भात मी गुपचूप तोलला: आधी वरणाशी, मग आमटीशी, शेवटी ताकाशी, मिळून ३६० ग्रॅम. ‘थोडासाच घेतो’ असं म्हणून तीनदा घेतलेला. पंगतीत आग्रह होता, पण माप होतं. आम्ही पातेल्यातून थेट मोठ्या डावाने वाढायला लागलो आणि माप फळीवर जाऊन बसलं.

काट्याने आणखी एक लाजिरवाणी गोष्ट दाखवली. फोडणीला मी ‘अंदाजे’ घालत होते ते तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. पिष्टमय पदार्थाच्या ग्रॅमला ४, स्निग्धाच्या ग्रॅमला ९. म्हणजे माझ्या हातून कढईत रोज दोन-तीन मुदी भात नुसताच तडतडत होता. आणि दुपारी चारची खारी! ती मी इतकी वर्षं ‘हलकी’ म्हणून खात होते. हलकी असते, कारण तिचे पापुद्रे सुटलेले असतात; पण ते सुटावेत म्हणून बेकरीवाल्याने थराथरांत काय लावलेलं असतं ते चहावर तरंगताना दिसतं. खारीचा दोष भाताच्या नावावर टाकणं म्हणजे कोथरूडचा ट्रॅफिक शनिवारवाड्यावर टाकण्यासारखं आहे. खारी रविवारपुरती राहिली. हे मला भात सोडण्यापेक्षा जड गेलं, खरं सांगते.

वरणाचाही कस लागला. आमचं वरण इतकं पातळ, की त्यात डाळ आहे ही सासूबाईंनी दिलेली माहिती. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते तांदळात असतं. वरणभाताची जोडी लावणाऱ्याने गुणमेलन बरोबर केलं होतं, आम्हीच डाळ काढून घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींचं ताट मांडलंय, त्यात २५० ग्रॅम धान्य आहे आणि डाळी, कडधान्यं, अंडी वगैरे मिळून ८५ ग्रॅम, दोन्ही कच्च्या वजनात. धान्य हद्दपार नाही, पण डाळीला पाहुणी म्हणूनही ठेवलेलं नाही. आता आमचं वरण डावाला चिकटतं. मटकी, मूग रोज भिजतात. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी बसते, आणि गार झालेल्या भातातलं थोडं पिष्ट सहज न पचणाऱ्या रूपात बदलतं, हे कळल्यापासून सासूबाई फोडणीच्या भाताला ‘आपलं औषध’ म्हणतात. फरक फार मोठा नसतो. त्यांना मी ते सांगितलेलं नाही.

चढायला मी पर्वती निवडली, कारण घरापासून जवळ आणि पैसे पडत नाहीत. १०३ पायऱ्या. पण त्या जिन्यासारख्या नाहीत, पसरट आहेत. एका पायरीवर दीड पाऊल बसतं, त्यामुळे लय सापडेपर्यंत माणूस पोरासारखा अडखळत चढतो. पहिले आठ दिवस मी अनशापोटी गेले, कारण उपाशी चढलं की चरबी जळते असं कुठेतरी ऐकलं होतं. साठाव्या पायरीला पाय शिशाचे व्हायचे. माकडटोपीतले एक आजोबा माझ्या अंगावरून दोनदा वर आणि दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा थांबले.

“खाऊन आला नाहीत?”

“नाही काका.”

“मग वर देवाला नैवेद्य दाखवतात त्याची वाट बघणार का?”

दुसऱ्या दिवशी निघताना केळं खाल्लं. जोरात चढताना स्नायू आधी आपल्याजवळची साखरच वापरतात, हे मी नवऱ्याला शिकवलं होतं; स्वतःच्या पोटऱ्यांना विचारायचं राहून गेलं होतं. केळ्यावर शंभर पायऱ्या चढून वरच्या कठड्याला टेकले, तेव्हा समोर सगळं पुणं धुक्यात होतं आणि मला बोलता येत होतं. काकांना नमस्कार केला, “आज किती?” ते म्हणाले, “आज सातच. गुडघा कुरकुरतोय.”

जिममध्ये वजनं चालू ठेवली. ट्रेनरशी पोळी-चपातीचा तह झाला. काट्यावर नऊ महिन्यांत साडेचार किलो उतरले, म्हणजे नवऱ्याच्या आठ दिवसांच्या वेगापुढे अगदीच बैलगाडी. कंबर मात्र शिंप्याने मोजली आणि दोनदा मोजली. मधे सिंहगडावर गेलो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. कांदाभजी नवऱ्याने एकट्याने संपवली, उतरायला एवढी लागतातच म्हणाला.

परवा मावळातून इंद्रायणी तांदूळ आला. सोसायटीत दर वर्षी टेम्पो येतो, ज्याची त्याची १० किलोंची पिशवी खाली ठेवून जातो. लिफ्ट बंद होती. नवरा अजून यायचा होता. वॉचमन कुठे दिसेना. मी पिशवी खांद्यावर टाकली आणि चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण ते खांदा बदलायला. शेजाऱ्यांची नवी पाटी लागली होती, ती वाचायला सवड झाली नाही.

सासूबाईंनी दार उघडलं. “अगं, हाक मारायचीस ना कुणाला!” असं म्हणेपर्यंत पिशवीची दोरी त्यांनी ओढलीही होती. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन हुंगला, दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले.

“नवा आहे,” त्या म्हणाल्या. “पाणी बेताने घाल, नाहीतर मूद बसेल.”