न पाहिलेल्या भागाला गुण किती?

‘डॉक्टर हू’ या जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या तेराव्या भागाला आम्ही गुण दिले आणि त्यानंतर महिनाभर आमची नोंद एका ओळीनेही पुढे सरकली नाही. त्या महिन्याची चीड अजून डोक्यात आहे, म्हणून आधी तेच लिहिते. बाकीचं आठवेल तसं येईल.

२०२४ चे गणपती उठले आणि आप्पा कायमचे आमच्याकडे ठाण्याला राहायला आले. बातम्या त्यांना सोसवत नाहीत आणि दहाच्या आत झोप येत नाही. भाचा लीड्सला असतो. तो फोनवर म्हणाला, “मावशी, आजोबांना घेऊन ‘डॉक्टर हू’ बघ. पण अगदी १९६३ पासून, एकही भाग न गाळता.” आप्पांची सगळी नोकरी एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टेनोची, त्यामुळे इंग्रजीची अडचण नव्हती. रोज रात्री एक भाग, पंचवीस मिनिटांचा. तो संपला की दोघांनी एकमेकांना न दाखवता दहापैकी गुण लिहायचे, मग बोलायचं. हा नियम आप्पांचा, आणि तो तुम्हीही पाळा. आधी बोलणं झालं की गुण बदलतात, हे आम्ही दुसऱ्याच रात्री अनुभवलं.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर नावाचा एक म्हातारा परग्रहावरचा प्रवासी. त्याचं यान बाहेरून रस्त्यावरून पोलिसांना फोन करायच्या निळ्या खोक्याएवढं, आत मात्र भलं मोठं, आणि ते काळातही फिरतं. पहिला भाग बीबीसीवर लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवावा लागला. दिग्दर्शक होते लखनौला जन्मलेले वारिस हुसेन, तेव्हा पंचविशीतले. त्यांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा आप्पा खुर्चीत पुढे सरसावून बसले. त्यांनी पहिल्या भागाला नऊ दिले, मी आठ.

गुण नोंदवायला मी फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं. तेरा भाग सुरळीत गेले. चौदावा भाग म्हणजे ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेचा पहिला. तो कुठेच मिळेना. एका विक्रेत्याच्या पानावर पहिल्या वर्षाचा “संपूर्ण संच” असं ठळक लिहिलेलं होतं. पैसे भरले, बारा दिवस वाट पाहिली, संच आला, त्यात तेरानंतर थेट एकविसावा भाग. तक्रार केली तर उत्तर आलं, “उपलब्ध असलेलं सगळं संचात आहे.” हे विकण्याआधी सांगता आलं असतं. संपूर्ण आणि उपलब्ध या दोन शब्दांत किती अंतर आहे, ते ज्याने पैसे मोजले त्याला विचारा.

तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. कृष्णधवल काळातले, म्हणजे १९६३ ते १९६९ मधले, एकूण २५३ भाग. आम्ही सुरुवात केली तेव्हा त्यातले ९७ गहाळ होते. चोरी नाही, आग नाही. त्या काळी दोन इंच रुंदीच्या चित्रफिती अतिशय महाग होत्या. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुन्हा पुन्हा दाखवायला मर्यादा होत्या. पुढे रंगीत चित्रण आलं आणि जुन्या कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक राहिलं नाही. म्हणून फिती पुसून त्यांवर दुसरं काही मुद्रित केलं गेलं. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या, त्याही १९७८ पर्यंत टाकून दिल्या जात होत्या. आज जे बघायला मिळतं ते बहुतेक सगळं या फिल्मच्या उरल्यासुरल्या प्रतींमुळे.

मी हे आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आपल्या ‘आलम आरा’चं तेच झालं. १९३१ चा आपला पहिला बोलपट, एक प्रत उरली नाही.”

जाणकारांचा सल्ला एकच: सोडा आणि पुढे जा. मला तो तेव्हाही पटला नाही, आता तर मुळीच पटत नाही. सात भाग म्हणजे सात आठवडे ती गोष्ट लोकांच्या घरात चालू होती. पात्रं त्यात बदलतात, एकमेकांच्या जवळ येतात. ती उडी मारून पुढे गेलात तर एकविसाव्या भागात भेटणारी माणसं तुमच्या ओळखीची नसतात.

आणि ते अ‍ॅप! तारे द्यायचे तर आधी ‘पाहिला’ या चौकोनात खूण करायची. खूण न करता गुण देता येत नाहीत. ‘ऐकला’ असा पर्यायच नाही. ‘गहाळ’ नाही, ‘अंशतः’ नाही. आप्पा म्हणाले, “न बघता बघितलं म्हणून लिहायचं नाही.” चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं शब्दाला शब्द टंकून दिलेला माणूस तो, खोटी नोंद त्यांच्या हातून होणार नाही. मी अ‍ॅपवाल्यांना लिहिलं, दोनदा. पहिल्या पत्राला आपोआप येणारं उत्तर आलं, दुसऱ्याला तेही नाही. तेरावर अडकलेला तो हिरवा पट्टा मी रोज बघत होते. शेवटी अ‍ॅप काढून टाकलं आणि दोनशे पानी वही आणली. गुण द्यायचे असतील तर पहिल्या दिवसापासून वहीच घ्या. वहीत रकाना आपण आखतो.

वाट सापडली ती भाच्यामुळे. चित्र गेलं, तरी आवाज एकाही भागाचा गेलेला नाही. त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भाग मुद्रित करून ठेवले होते. कुणी टीव्हीसमोर माइक धरून, कुणी थेट तार जोडून. बहुतेक जण तेव्हा शाळा-कॉलेजातली मुलं. संस्थेने पुसलं ते या मुलांनी जपलं, आणि ते सगळेच्या सगळे ९७! हे आवाज पुढे अधिकृत सीडींवर आले. भाचा दिवाळीला येणार होता, त्याने येताना ‘मार्को पोलो’ आणला. माळ्यावरचा सीडी प्लेअर काढला, पुसला, चालला.

सीडी घेताना निवेदन असलेलीच घ्या. नुसत्या मूळ आवाजात मारामारी सुरू झाली की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. ‘मार्को पोलो’चं निवेदन विल्यम रसेल यांचं आहे, म्हणजे मालिकेत डॉक्टरचा सोबती इयान झालेला नटच आपल्याला गोष्ट सांगतो.

पहिल्या रात्री माझी निराशा झाली. दिवे चालू, मी सोफ्यावर, डोळ्यांना काही काम नाही, हात सारखा फोनकडे जाणारा. चार गुण दिले. आप्पांनी सहा. दुसऱ्या रात्री आप्पांनी उठून दिवा मालवला. म्हणाले, “हे नभोनाट्य आहे गं. नभोनाट्य उजेडात ऐकत नाहीत.”

त्या भागाचं नाव ‘गाणारी वाळू’. गोबीच्या वाळवंटात रात्री वादळ उठतं, दोन मुली तंबूपासून दूर गेलेल्या असतात, आणि वारा माणसांच्या आवाजात ओरडायला लागतो. अंधारात तो आवाज खोलीभर फिरला. मी आप्पांचा हात धरला होता, हे दिवा लावल्यावर लक्षात आलं. आप्पा सांगत बसले, लहानपणी शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओभोवती दहा-बारा माणसं कशी बसायची, आणि नाटकातलं दार करकरलं की सगळी दाराकडे कशी बघायची. त्या रात्री वहीत दोघांचेही नऊ आहेत.

तिथून पुढे ऐकायच्या भागांत मी त्यांची शिष्य झाले. डोळे मिटायचे. पावलांकडे लक्ष द्यायचं, कारण दगडावरची पावलं आणि लाकडावरची पावलं वेगळी वाजतात. कथेचा सारांश आधी वाचायचा नाही, पात्रांची नावं मात्र कागदावर लिहून घ्यायची. संवाद लिहिलेला कागद समोर धरून ऐकू नका. मी दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा मी ऐकत नव्हते, वाचत होते.

छायाचित्रं मात्र जरूर बघा, पण भाग ऐकून झाल्यावर. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार कार्यक्रम चालू असताना टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढायचे, एका भागाचे साधारण साठ, आणि ते नट-दिग्दर्शकांना विकायचे. घरी व्हिडिओ नसलेल्या काळात स्वतःच्या कामाचा तेवढाच पुरावा. ‘मार्को पोलो’चे असे फोटो सातपैकी सहा भागांचे मिळतात, कारण ते वारिस हुसेन यांनी स्वतःजवळ जपून ठेवले होते. चौथ्या भागाचं दिग्दर्शन दुसऱ्याने केलं होतं, म्हणून त्याचे फोटो त्यांच्याकडे नव्हते. फोटोंत कुब्लाई खानाचा दरबार बघितला. आप्पांनी मनात रंगवलेला दरबार याहून मोठा होता, असं ते म्हणाले. गुण बदलायचे का, विचारलं. नाही म्हणाले.

काही भाग अलीकडे अ‍ॅनिमेशनने पुन्हा उभे केले आहेत, मूळ आवाजावर नवी चित्रं. भाच्याला ते आवडतात. आम्ही ‘पॉवर ऑफ द डालेक्स’ तसा बघितला, चांगला आहे. पण गुण कशाला दिले, १९६६ च्या कामाला की २०१६ च्या, ते ठरेना. नंतर आम्ही आधी ऐकायचं, गुण लिहायचे, मग वाटलं तर अ‍ॅनिमेशन बघायचं असं केलं.

तिसरं आणि चौथं वर्ष सगळ्यात उजाड. आम्ही सुरुवात केली तेव्हा तिसऱ्यात ४५ पैकी २८ भाग नव्हते, चौथ्यात ४३ पैकी ३३, आणि चौथ्या वर्षातली एकही कथा संपूर्ण उरलेली नाही. बहुतेक लोक इथे सोडतात. तुम्ही सोडू नका, कारण आमच्या वहीतले दोन्ही दहा-दहा याच ओसाड भागातले आहेत.

पहिला दहा ‘द मॅसकर’च्या शेवटच्या भागाला. १५७२ चं पॅरिस, प्रोटेस्टंटांची कत्तल. या कथेचं हलतं चित्र नाही आणि क्युरांचे फोटोही नाहीत, फक्त आवाज. डॉक्टरने एका मुलीला मागे सोडलं म्हणून त्याचा तरुण सोबती संतापून यानातून निघून जातो. म्हातारा एकटा उरतो आणि स्वतःशी बोलतो. सोडून गेलेल्या एकेकाचं नाव घेतो, आपल्या घरी परत जावं का म्हणतो, आणि तेही जमणार नाही हे त्याला कळतं. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल एरवी संवादात अडखळतात. त्या वेळी चित्रण थांबवून पुन्हा घेणं परवडायचं नाही, त्यामुळे चुका तशाच राहायच्या. इथे त्यांचा आवाज फक्त थकतो. ते संपल्यावर आप्पांनी बराच वेळ दिवा लावू दिला नाही. आई गेल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

दुसरा दहा ‘टेन्थ प्लॅनेट’च्या चौथ्या भागाला, ऑक्टोबर १९६६ चा. इथे हार्टनेल कोसळतात आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठतात. एकाच पात्राचा दुसरा नट. मालिका साठ वर्षं टिकली ती या एका कल्पनेवर, आणि तोच भाग गहाळ! बदलाचे शेवटचे काही क्षण तेवढे उरले, कारण १९७३ मध्ये मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात ते दाखवले गेले होते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून काही भागांतले तुकडे कापले आणि कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट ठेवले. भाग नष्ट झाले, कापलेले तुकडे १९९६ मध्ये सापडले. त्यामुळे ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या कथेचं जे हलतं चित्र बघायला मिळतं त्यातलं बरंचसं सगळ्यात भीतिदायक आहे. हे तुकडे शोधून बघा, फार छोटे आहेत.

आणि सापडतातही, हे विसरू नका. ‘टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून आलेले नऊ भाग जाहीर झाले. त्यातला ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’ आम्ही दिवा लावून बघितला, आणि ट्राउटनचा चेहरा इतका बोलका आहे की मी आठच्या खाली गेलेच नाही. आप्पांनी एका भागाला सहा दिले. त्यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं.

२५३ वा भाग, ‘वॉर गेम्स’चा दहावा, आम्ही २०२५ च्या पावसाळ्यात संपवला. पुढे १९७० पासून रंगीत भाग, ते सगळे आहेत, त्यांबद्दल काही सांगायला नको.

वहीत गहाळ भागांची पानं आम्ही वेगळी आखली आहेत. पहिला रकाना आप्पांचा, दुसरा माझा, दोन्हींवर ‘ऐकून’ असं लिहिलं आहे. तिसऱ्या रकान्यावर आप्पांनी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात ‘पाहून’ असं लिहिलंय आणि खाली ९७ ओळी आखून रिकाम्या ठेवल्यात.