माझा अनुभव: ऍरिझोनाच्या शाळेने निवडलं, पण इथला दाखला मिळेना

अमेरिकेत विशेष शिक्षिका म्हणून जायचं मनात असेल तर अनुभवाचा दाखला सगळ्यात आधी हातात घ्या. बाकीची कामं होतात. नागपुरातल्या एका विशेष शाळेत मी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवत होते. त्या शाळेकडून एक पानाचं पत्र मिळवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. अजूनही ते आठवलं की डोकं तापतं.

तिकडे विशेष शिक्षक मिळत नाहीत ही खरी गोष्ट आहे. 1975 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांवर दिव्यांग मुलांना मोफत आणि त्यांना साजेसं शिक्षण द्यायची सक्ती आहे. 2022-23 मध्ये अशा मुलांची संख्या सुमारे 75 लाख होती, आणि बहुतेक राज्यांत विशेष शिक्षकांच्या जागा भरत नाहीत. म्हणून तिथले शाळा-जिल्हे (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) फिलिपिन्स, भारत अशा देशांतून शिक्षक घेतात, बहुतेक जे-1 व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाच्या तात्पुरत्या व्हिसावर. तो 3 वर्षांचा असतो, पुढे आणखी 2 वर्षांपर्यंत वाढू शकतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर सप्टेंबर 2025 पासून 1 लाख डॉलर शुल्क लागल्यावर तो रस्ता शाळांना परवडणं कठीणच झालं.

मुलाखत ऑनलाइन झाली. ऍरिझोना आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे त्यांची सकाळ ती आपली रात्र. एखादं मूल डोकं आपटून घेत असेल तर काय कराल, आयईपी (एकेका मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) कसा लिहिता, पालक सहमत नसतील तर काय, असे प्रश्न होते. हे तर माझं रोजचं काम. प्रत्येक मुलाची एफएसीपी तपासणी सूची (मूल काय काय करू शकतं याची नोंद) भरायची, त्यावरून वर्षाची उद्दिष्टं ठरवायची, हे मी वर्षानुवर्षं करत आले. निवड झाली. गुणपत्रिकांचं मूल्यमापनही विनातक्रार झालं.

मग स्पॉन्सरने, म्हणजे जे-1 चा कार्यक्रम चालवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, अनुभवाचा पुरावा मागितला. जे-1 साठी पूर्णवेळ शिकवण्याचा किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट होता. शाळेने नेहमीच्या छापाचा दाखला दिला: अमुक तारखेपासून विशेष शिक्षिका म्हणून कार्यरत, वर्तणूक चांगली. स्पॉन्सरने तो परत केला. पूर्णवेळ की अर्धवेळ? आठवड्याला किती तास? मुलांचं वय काय, दिव्यांगत्व कोणतं? वर्ग कोणता? तुमचं काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठांची सही कुठे आहे? आणि ही शाळा आहे की उपचार केंद्र?

शेवटच्या प्रश्नाचा मला राग आला होता, पण त्यांच्या जागी तो बरोबर होता. महाराष्ट्रात विशेष शाळा शिक्षण विभागाकडे नसतात. त्या दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात, आणि हा विभाग स्वतंत्र झाला तोच डिसेंबर 2022 मध्ये. आमच्याकडे पहिली-दुसरीही नसते. पूर्व-प्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्व-व्यावसायिक असे गट असतात, आणि मूल वयाबरोबरच क्षमतेवरून गटात बसतं. मी शाळेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि गटांचा एक तक्ता पाठवला. तेवढं त्यांना पुरलं. तुम्हीही मागायच्या आधीच पाठवा.

नवं पत्र मागायला मी आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, सविस्तर दाखला राजीनामा मंजूर झाल्यावरच मिळतो. आमची पद्धत तीच आहे."

राजीनामा दिला असता तर सगळंच फसलं असतं. जे-1 च्या शिक्षकाने अर्ज करताना आपल्या देशात शिकवत असावं, अशी मुख्य अट आहे. शिकवत नसलेल्या, पण अर्जाआधीच्या वर्षभरात पदव्युत्तर पदवी पूर्ण केलेल्यांसाठी वेगळी सोय आहे, पण तिच्या अटी वेगळ्या, आणि हातात व्हिसा नसताना पगार सोडायला मी तयार नव्हते. हे मी सचिवांना समजावलं, नियमाचा कागद छापून दिला. "बघू" म्हणाले. पुढच्या वेळी कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. बैठक पुढे ढकलली गेली. एकदा तर सरळ विचारलं, "तुम्ही गेल्यावर तुमच्या वर्गातल्या पोरांचं काय?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकसाठी 10 मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक ठरवून दिला. ते पाळलं गेलं नाही म्हणून मार्च 2025 मध्ये राज्यांना पदं जाहीर करून भरायला पुन्हा सांगावं लागलं. इथेच आपली माणसं कमी आहेत, ती कंत्राटावर आणि तुटपुंज्या पगारावर टिकत नाहीत. पण त्याचा उपाय म्हणून माझा दाखला कपाटात ठेवायचा, हे मला आजही पटत नाही. मी केलेलं काम माझं आहे. ते कागदावर लिहून देणं हे संस्थेचं कर्तव्य आहे.

वाट निघाली ती एका साध्या ईमेलमुळे. सही नेमकी कोणाची हवी, असं मी स्पॉन्सरला विचारलं. उत्तर आलं: तुमचं शिकवणं पाहणाऱ्या वरिष्ठांची. म्हणजे मुख्याध्यापिकांची! बाईंनी त्याच दिवशी बसून लेटरहेडवर पत्र लिहिलं. वय, गट, दिव्यांगत्व, आठवड्याचे तास, सगळं. पण जावक क्रमांक नसेल तर पत्राला अर्थ नाही, आणि आमचे लिपिक लाल कापडी बांधणीच्या जावक नोंदवहीवर पंजा ठेवून बसलेले. "सचिव साहेबांनी सांगितल्याशिवाय नंबर देता येत नाही, ताई." त्यांचाही इलाज नव्हता.

शेवटी बाई स्वतः माझ्याबरोबर सचिवांकडे आल्या. मी लिहून दिलं की एप्रिलअखेर सत्र पूर्ण करीन, प्रत्येक मुलाची फाइल नव्या शिक्षिकेला समजावून देईन आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली उमेदवार शोधायला मदत करीन. ते सगळं मी केलंही. सचिवांनी कागद वाचला, फोन उचलला आणि लिपिकांना म्हणाले, "द्या नंबर." इतकंच. एवढ्यासाठी माझे महिने गेले.

स्पॉन्सर पडताळणीसाठी फोन करतात, तेव्हा सही करणाऱ्या व्यक्तीला आधी सांगून ठेवा. आमच्या बाईंना रात्री फोन आला तेव्हा कढईत फोडणी होती. गॅस बंद करून त्यांनी माझ्या वर्गाबद्दल इंग्रजीत इतकं सविस्तर सांगितलं की पलीकडून पुढचा प्रश्नच आला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

बाकीचं जसं आठवतं तसं. कागदांवर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणन शिक्का) करून घ्या म्हणून सीताबर्डीतला एजंट मागे लागला होता, माझ्याकडे शेवटपर्यंत कोणी मागितलं नाही. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आरसीआयची नोंदणी 5 वर्षांनी नूतनीकरणाला येते, मुदत तपासा. स्पॉन्सरकडून डीएस-2019 (जे-1 साठीचा पात्रतेचा फॉर्म) आल्यावर सेविस या अमेरिकी नोंदणी प्रणालीचे 220 डॉलर आणि व्हिसाचे 185 डॉलर लागतात. स्पॉन्सरची फी वेगळी, ती सगळी यादी सही करण्याआधी लेखी मागा. मुंबईची व्हिसाची मुलाखत थोडक्यात झाली. काय शिकवता आणि परत येणार का, हेच विचारलं.

आणि त्या पत्राच्या निदान तीन मूळ सहीच्या प्रती घ्या, वर्षं महिन्यांसकट लिहून घ्या. पगाराची पायरी ठरवताना माझ्या शाळा-जिल्ह्याने पुन्हा तेच पत्र मागितलं, आणि त्यात लिहिलेलीच वर्षं धरली.