गवत कापायचं कधी, यातच सगळं आलं

जर्मनीतल्या पॉट्सडामच्या रोपवाटिकेत लोक युरो मोजून गवताच्या कुंड्या नेतात. कुंदा आणि हराळी निंदण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या धुळे-जळगावकडच्या माणसाला हे पचायला जड जातं. त्यात इथे हौसेने लावतात ते पेनिसेटम म्हणजे आपल्या बाजरीचं भावंड. कणीसही तसंच, फक्त केसाळ आणि दाण्यावाचून.

पण बागेतलं गवत इथे अक्कल लावून सांभाळतात, हे कबूल करायला हवं. थंडीत ते पूर्ण वाळतं, तरी कोणी हात लावत नाही. उभ्या कडब्यासारखा ठोंब दारासमोर मार्चपर्यंत तसाच असतो. हा आळस नाही. वाळलेली पानं ठोंबाच्या गाभ्यावर छप्पर धरतात. ऑक्टोबरातच छाटलं तर पोकळ काड्यांतून पाणी आत उतरतं, गोठतं आणि गाभा कुजतो. पॅम्पास गवताची पानं तर वर ओढून सुतळीने बांधून ठेवतात.

छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. आधी ठोंब दोन ठिकाणी सुतळीने करकचून बांधायचा, मग जमिनीपासून 10-15 सेंटिमीटर सोडून करवतीने कापायचा. पेंढी अख्खी हातात येते. हातमोजे हवेतच, मिस्कँथस या उंच शोभेच्या गवताच्या पानांची कड ब्लेडसारखी चिरते. पॉट्सडामच्याच बोर्निम भागातले रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर (1874–1970) यांच्या नावाचं उभट गवत लवकर फुटतं, म्हणून ते आधी. उशीर झाला तर कोवळे शेंडेही कापले जातात आणि पानं पूर्ण हंगामभर बोथट दिसतात.

तीन-चार वर्षांनी ठोंब मधून मरतो आणि कडेचं कडं तेवढं हिरवं राहतं. तेव्हा वसंतात उपटून कडेचे 3-5 फुटव्यांचे तुकडे लावायचे, मधलं फेकायचं. खत जवळजवळ नाहीच. मूठभर युरिया टाकायची आपली सवय इथे नडते: नत्र वाढलं की गवत फोफावतं आणि तुऱ्यासकट आडवं पडतं.

अर्थात, यांचं निम्मं काम इथली रेताड जमीन आणि वर्षभर थोडाथोडा पडणारा पाऊस करतो. आपल्या काळ्या जमिनीत, मे महिन्यातल्या 45 अंशांत हेच करून दाखवा म्हणावं!

खान्देशात मिस्कँथस आणि फोर्स्टरच्या नादी लागू नका. वाळा, गवती चहा, रोशा गवत आणि जांभळं पेनिसेटम पुरे. रोशाच्या तेलासाठी खान्देश एकेकाळी नावाजलेला होता, आणि आपण बंगल्यापुढे परदेशी लॉन शोधतो. काळी माती पावसात पाणी धरते आणि गाभा सडवते, म्हणून वाफा 25-30 सेंटिमीटर उंच करा. दोन भाग माती, एक मुरूम, एक कुजलेलं शेणखत. दोन ठोंबांत 60 सेंटिमीटर. ताशी 4 लिटरचा एक ड्रिपर, उन्हाळ्यात दिवसाआड तासभर. आच्छादन गाभ्याला टेकू देऊ नका.

इथलं छाटणीचं वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचलू नका. ठिबकवरचं गवत मृगाच्या आधी छाटा, नवे फुटवे पावसावर येतात. बिनपाण्याचं वाळलेलं गवत होळीनंतर घराजवळ ठेवूच नका; एक ठिणगी पुरते, आणि सापालाही आडोसा मिळतो.

पेनिसेटम सेटेसियम ही जात युरोपियन युनियनने 2017 मध्ये घातक परकीय प्रजातींच्या यादीत घातली. विक्री बंद, लागवड बंद. वाऱ्यावर बी उडून रानं बळकावणारं गवत आहे ते. गाजर गवताने होरपळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी असा नियम आपल्याकडे आधी सुचला असता तर बरं झालं असतं. वर सांगितलेलं जांभळं पेनिसेटम म्हणजे रुब्रम; ही जात सहसा बी धरत नाही, म्हणून ती सोयीची. ठोंब फोडूनच वाढवतात. तिचा फोटो छापलेलं बियांचं पाकीट कोणी दिलं, तर आतून भलतंच काही उगवेल. घेऊ नका.