दोन पाण्यांचा टँक

कासच्या पठारावर पायवाटेच्या कडेला उकिडवी बसले होते, तेव्हा दवबिंदू, म्हणजे इंग्रजीत सनड्यू म्हणतात ते किडे खाणारं रोपटं, पहिल्यांदा नीट पाहिलं. कातळावर बोटभर माती, तिच्यातून झिरपणारं पाणी आणि त्यात रुपयाएवढी लालसर चकती. पानांवर चिकट थेंब, आणि एका पानात चिलट अडकलेलं. दोन पावलांवर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. या फुलाला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या दडलेल्या असतात आणि त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. हे कळल्यावर घरी आले ती ठरवूनच, की हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर वाढलेलं बघायचं.

कासवरून काहीही उपटून आणायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. बर्मानी या दवबिंदूच्या जातीचं बी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केप सनड्यू या दुसऱ्या जातीचं रोप झाडं वाढवणाऱ्या एका मैत्रिणीकडून मिळालं.

घरात तीन फुटी काचेचा टँक रिकामाच होता. अर्ध्यात पाणी आणि मासे, अर्ध्यात उंचावर जमीन, अशी कल्पना. छोटा पंप पाणी वर नेणार, ते झाडांच्या मातीवरून झिरपून परत माशांकडे येणार. पहिले पंधरा दिवस तो टँक इतका सुंदर दिसत होता की मी संध्याकाळी स्वयंपाक टाकून त्याच्यासमोर बसायचे.

मग सनड्यूच्या पानांवरचे थेंब नाहीसे झाले. पानांची टोकं काळी पडायला लागली आणि मातीवर हिरवी शेवाळी साय चढली. मला वाटलं ऊन कमी पडतंय, म्हणून दिवा जवळ घेतला. सासूबाईंना वाटलं झाड उपाशी आहे.

"अगं, किती मलूल झालंय ते. मी जरा तांदळाचं धुवण घातलं त्याला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातानं कुंडीतली तुळस, गुलाब, कढीपत्ता सगळं फोफावतं, त्यामुळे त्यांचं चुकलं असं मी कसं म्हणू? पण ही झाडं उपाशी जमिनीचीच आहेत. जिथे मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही, तिथे टिकायचं म्हणून ती किडे धरायला शिकली. मुळाशी खत आलं, क्षार आले की ती जळतात. आणि माझा पंप दिवसभर नेमकं तेच करत होता, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य विरघळलेलं पाणी त्यांच्या मुळाशी नेऊन ओतत होता.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मागवला तेव्हा डोळे उघडले. टँकमधलं पाणी ३८०. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं, ते ६१० निघालं. या झाडांना ५० च्या आत हवं. मी निश्चिंतपणे किचनमधल्या आरओचं पाणी घेतलं, तर तेही ९५! पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, हे तेव्हा कळलं. तुमच्याकडेही आरओ असेल तर त्याच्यावर विसंबू नका, आधी मोजा. पावसाळा सुरू झाल्यावर मी गच्चीवर स्वच्छ ड्रम ठेवला, पहिल्या दोन सरींचं धुळीचं पाणी जाऊ दिलं आणि नंतरचं साठवलं. मीटरवर १२. इतका आनंद मला कुठल्याही आकड्याचा झालेला नाही.

मातीतही फसले होते. पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाची कुजून झालेली माती, म्हणून घेतलेली पिशवी कोकोपीटची निघाली. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते धुऊन धुऊनही माझ्या पिशवीतलं पूर्ण गेलं नाही. शेवटी खरं स्फॅग्नम पीट (तेच पीट मॉस) आणि परलाइटचे हलके पांढरे खडे निम्मं-निम्मं घेतलं, आणि परलाइटही आधी धुतलं.

टँक पूर्ण रिकामा करून दुसऱ्यांदा बांधला. मध्ये काचेची भिंत, कडांना मत्स्यालयाचं सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, ते माशांना घातक असतं. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा उग्र वास पूर्ण जाईपर्यंत तीन दिवस थांबले आणि मग भिंतीच्या एकाच बाजूला पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं, कोरडं. तेव्हा कुठे झाडं लावली. आता बाहेरून एकच देखावा दिसतो, पण आत दोन पाणी आहेत आणि ती एकमेकांना भेटत नाहीत. जमिनीच्या बाजूला तळाशी दोन बोटं पावसाचं पाणी, ते वर मातीत आपोआप चढतं. पाण्याच्या बाजूला निऑन टेट्रा, कारण त्यांना मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी मानवतं. आधीचे गप्पी अशा पाण्यात सुस्तावले होते. त्यांना थोडं जड पाणी लागतं, म्हणून ते मैत्रिणीच्या टँकमध्ये गेले.

बर्मानीचं बी मातीत पुरायचं नाही. खसखशीहूनही बारीक असतं, नुसतं ओल्या पीटवर शिंपडायचं आणि दिव्याखाली ठेवायचं. सतराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. दोन महिन्यांत पानं लाल झाली, आणि मग एका रात्री भिंगातून मी ते पाहिलं. चिलट पानाच्या कडेला टेकलं आणि कडेची लांब लव काही सेकंदांत आत वळली, त्याला मधल्या चिकट भागावर ढकलत. चिलटाचा एक पंख अजून थरथरत होता. मी श्वास रोखून बसले होते.

घरात चिलटं नसतात तेव्हा माशांचं सुकं खाद्य उपयोगी पडतं. सुकवलेल्या ब्लडवर्मचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा पाण्यात भिजवून एका पानावर ठेवायचा. त्याहून मोठा ठेवलात तर बुरशी येते. खत मातीत नाही, पानावर, हे सासूबाईंना सांगितलं तेव्हापासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. दर रविवारी चष्मा लावून, चिमटा घेऊन त्या बसतात.

सीतेच्या आसवांची एक पाण्यातली बहीण, युट्रिक्युलेरिया गिब्बा, मी वेगळ्या काचेच्या वाडग्यात पावसाच्या पाण्यावर ठेवली आहे. माशांच्या बाजूला ठेवली होती, तिथे दोऱ्यासारख्या शेवाळानं तिला गुदमरवलं. तिच्या पिशव्या मिलिसेकंदाच्या आत तोंड उघडून भक्ष्य ओढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीच, पण आधी पारदर्शक असलेली पिशवी दुसऱ्या दिवशी काळी दिसली की समजायचं.

व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे पान मिटून किडा पकडणारं झाड, मात्र अशा टँकमध्ये ठेवू नका. अमेरिकेतल्या कॅरोलिनाचं झाड ते, त्याला हिवाळ्यात थंडीतली विश्रांती हवीच असते. माझं गच्चीत आहे.

बर्मानी एका हंगामाचीच. जानेवारीत फुलं येऊन गेली, झाडं तपकिरी पडली. काळ्या बियांची पुडी मी देवघराच्या खणात ठेवली आहे, आणि ड्रम गच्चीवर धुऊन पालथा घातलाय, जूनसाठी.