रिकाम्या कंसापाशी गेलेल्या तीन रात्री

आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दराची नोंद संगणकावर होते आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात जाऊन पडते. सभासदाकडे मात्र खिशात भिजलेली पावती, नाहीतर दहा दिवसांनी मिळणारं बिल. फॅट नेमकी कुठल्या दिवशी घसरली हे बघायला माणसाला संस्थेत जाऊन उभं राहावं लागायचं. आमच्या आण्णांना असं उभं राहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. प्रत्येक सभासदाला आपल्या फोनवर आपल्या नोंदी दिसाव्यात, एवढंच मला करायचं होतं. पुण्यातली नोकरी सांभाळून हाताशी फक्त रात्री होत्या, त्यामुळे टेबलागणिक बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, लिहिण्याऐवजी पोस्टग्रेस्ट घेतलं. नावात एका ‘ट’चा फरक आहे, तो नीट वाचा. पोस्टग्रेस हा डेटाबेस. पोस्टग्रेस्ट हा त्याच्यापुढे उभा राहून टेबलांची एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती मागता येईल अशी सोय, करून देणारा, हॅस्केल भाषेत लिहिलेला सर्व्हर.

सुरुवातीला काहीच अडलं नाही. एक फाइल उतरवली, कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता, स्कीमा (टेबलांचा गट) आणि टोकन (लॉगिननंतर मिळणारं डिजिटल ओळखपत्र) नसलेल्या पाहुण्याचा रोल (डेटाबेसमधलं हक्कांचं खातं) लिहिला, की ३००० पोर्टवर टेबलं जेसन या मजकुराच्या साच्यात हजर. पत्त्यातच अट घालून ३.५ पेक्षा कमी फॅटच्या नोंदी मागितल्या, त्याही आल्या.

आता ज्याच्या नोंदी त्यालाच दिसायला हव्यात. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे ओळीगणिक परवानगी, आहे. संकलनाच्या टेबलावर ती चालू केली आणि ‘सभासद’ या रोलसाठी पॉलिसी लिहिली : ओळीतला सभासद क्रमांक टोकनमधल्या क्रमांकाशी जुळला तरच ओळ दिसेल. आण्णांच्या क्रमांकाचं टोकन बनवून नोंदी मागितल्या. स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक. आणि उत्तरात दोन चौकटी कंस, मध्ये काही नाही.

चूक असती तर शोधली असती. इथे चूकच नव्हती! पहिल्या रात्री मी डेटाबेसमध्ये थेट शिरून तीच क्वेरी (नोंदींची मागणी) पन्नास वेळा चालवली आणि दर वेळी सगळ्या ओळी आल्या. मी टेबलाची मालक म्हणून शिरत होते आणि मालकाला ही पॉलिसी लागूच होत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा मालक म्हणून केलेली कुठलीही चाचणी धरू नका.

दुसरी रात्र क्रमांकांवर गेली. एकीकडे ०१४७ आणि दुसरीकडे १४७ असं झालं असेल, म्हणून तपासत बसले. तसं नव्हतं.

तिसऱ्या रात्री शेवटी जे पहिल्याच रात्री करायला हवं होतं ते केलं. ट्रान्झॅक्शन (एकत्र चालणाऱ्या आज्ञांचा गट) उघडून ‘सेट लोकल रोल’ने स्वतःला सभासद केलं, टोकनमधली माहिती सेटिंगमध्ये हाताने भरली आणि क्वेरी चालवली. आण्णांच्या नोंदी बरोबर आल्या. म्हणजे पॉलिसी ठीक होती, पण एपीआयमधून मी सभासद म्हणून पोचतच नव्हते. मग ‘मी कोण’ नावाचं एका ओळीचं फंक्शन लिहिलं. चालू रोलचं नाव सांगणं, एवढंच त्याचं काम. आरपीसीच्या, म्हणजे फंक्शन बोलावायच्या, पत्त्यावर हाक मारली तर ४०४ (सापडलं नाही), कारण नवीन फंक्शन किंवा टेबल केलं की पोस्टग्रेस्टला स्कीमा पुन्हा वाचायला सांगावं लागतं. पीजीआरएसटी या चॅनेलवर ‘रीलोड स्कीमा’ असं नोटिफाय केलं आणि उत्तर आलं : पाहुणा.

संस्थेची जुनी लॉगिन स्क्रिप्ट टोकनमध्ये ‘युजररोल’ असं नाव घालत होती. पोस्टग्रेस्ट ‘रोल’ शोधतं. तो सापडला नाही की टोकन खरं असूनही तुम्ही पाहुणे. आणि पहिल्या दिवशी सगळं चालतंय का बघायला मी पाहुण्याला त्या टेबलावर सिलेक्टची (वाचायची) ग्रँट, म्हणजे परवानगी, देऊन ठेवली होती! ती नसती तर पहिल्याच मिनिटाला ‘परवानगी नाही’ असं स्वच्छ उत्तर मिळालं असतं. ग्रँट आहे पण लागू होणारी पॉलिसी एकही नाही, अशा वेळी पोस्टग्रेस तक्रार करत नाही, फक्त ओळी लपवतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, हे मला मान्य आहे. तरी त्या तीन रात्रींचा राग अजून गेलेला नाही. पाहुण्याला चाचणीपुरतीसुद्धा ग्रँट देऊ नका.

टोकनची गुप्त किल्ली किमान ३२ अक्षरांची लागते, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि सभासद क्रमांकाच्या रकान्यावर इंडेक्स (ओळी झटकन शोधायची सूची) ठेवा, कारण पॉलिसीची अट प्रत्येक क्वेरीला जोडली जाते.

दहा दिवसांच्या बिलासाठी मी एक व्ह्यू, म्हणजे साठवलेल्या क्वेरीचं टेबलासारखं रूप, केला होता. चाचणीसाठी सचिवकाकांना त्यांच्याच सभासद क्रमांकाने लॉगिन दिलं. रात्री साडेनवाला त्यांचा फोन.

“अगं, मला सगळ्या गावाची बिलं दिसायला लागलीत की!”

“काका, कुणाला दाखवू नका, मी आत्ता बंद करते,” म्हणाले आणि सर्व्हर थांबवला. व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्काने चालतो, म्हणून पॉलिसी बाजूला पडली होती. पोस्टग्रेस १५ पासून व्ह्यूवर ‘सिक्युरिटी इन्व्होकर’ चालू करता येतं, मग बघणाऱ्याचे हक्क लागतात. आमचा सर्व्हर १४ वर होता. रविवारी तो वर नेला, सोमवारी काकांना फक्त त्यांचं बिल दिसलं.

आण्णा आता संध्याकाळी दूध घालून घरी आले की आधी फोन उघडतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना एका सकाळची फॅट चुकलेली वाटली, म्हणून मी तक्रारीचं टेबलही उघडलं. त्यांनी तक्रार पाठवली तर ‘सिक्वेन्सवर परवानगी नाही’ असं आलं. सीरियल, म्हणजे आपोआप क्रमांक भरणारा, रकाना असेल तर इन्सर्टच्या (नोंद घालायच्या) ग्रँटबरोबर तो क्रमांक पुरवणाऱ्या सिक्वेन्सवर युसेजही (वापरायची परवानगी) द्यावी लागते. तोंडाने सांगितलेला नकार होता तो, पाच मिनिटांत सुटला.