लोणारची धावती चक्कर

रविवारी मेहकरहून एसटी धरून आई, मावशी अन् मी लोणारले जाऊन आलो. गाइड केला, त्यानं आधी सांगितले एक पैसे अन् शेवटी मागितले दुसरेच, जाऊ द्या. पहिले गावातलं दैत्यसूदन मंदिर, बाहेरून इतक्या मूर्ती की पाहू पाहू मान दुखते अन् आत मिट्ट अंधार, मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कुठं लवणासुरावर उभा विष्णू दिसला. मग खाली सरोवर, उल्का आदळून झालेला जवळपास १.८ किमी रुंदीचा खड्डा बापा! कमळजा देवीच्या देवळापाशी गाइडनं ओंजळभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली, तं लगेच लाल! पाणी खारं अन् अल्कलाइन म्हणून होते तसं, पण मावशीनं हातच जोडले, म्हणे देवीचं कुंकू. चढताना मात्र तिघांचाही पार दम निघाला.