नोंदवहीतला शून्य

डिसेंबरातली सकाळ. मार्केट यार्डातल्या एका गोदामात तापमापक 15 अंश दाखवत होता. मटकीच्या थप्पीची धुरी संपवून आदल्या संध्याकाळी ताडपत्री काढली होती. टनाला फॉस्फीन हा विषारी वायू सोडणाऱ्या 3 ग्रॅमच्या 3 गोळ्या, 7 दिवस. निरनिराळ्या पोत्यांतून परखीने (पोत्यात खुपसून नमुना काढायच्या नळीने) काढलेली किलोभर मटकी चाळली, तर खालच्या ताटात 46 भुंगेरे पडले; सगळे निपचित. "साहेब, गोळ्या लागू पडल्या," शेठ म्हणाले. मदतनिसाने 'जिवंत : 0' लिहूनही टाकलं.

मला पाय खटकले. काहींचे सैल, वेडेवाकडे. बरेच मात्र पाय पोटाशी घट्ट आवळलेले. डार्विनने 17 प्रकारच्या जिवांचं मेल्याचं सोंग आणि खरं मरण ताडून पाहिलं होतं. एकाचीही ठेवण तंतोतंत जुळली नव्हती. ताटावर मलमल बांधून ते उन्हात ठेवलं. ताटाला हात लावायचा नाही, कारण धक्का लागला की सोंग पुन्हा सुरू होतं. दहा मिनिटांत मिशा हलल्या, अर्ध्या तासात 13 भुंगेरे चालू लागले, त्यातले दोन उडून मलमलीला चिकटले.

चाळणीचा हादरा म्हणजे भुंगेऱ्याच्या लेखी शत्रूच. उडायचं की अंग टाकायचं, हे बरंचसं त्याच्या अंगातल्या उबेवर ठरतं. कडधान्यातल्या या भुंगेऱ्यांच्या दोन जातींत गारवा वाढला की सोंग गडद होतं, हे प्रयोगांत दिसलंय. थंड स्नायूंनी उड्डाण जमत नाही, मग पडून राहणंच बरं. शिवाय ही खोड रक्तातलीही आहे: जास्त वेळ सोंग घेणाऱ्यांची निवड करत वाढवलेले भुंगेरे उडण्यात कच्चे निघतात. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यांवर जपानी संशोधकांनी 10 पिढ्या अशीच निवड केली. लांब सोंगवाले उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या तावडीतून जास्त वाचले; त्यांच्या मेंदूत डोपामिन हे हालचालींशी निगडित रसायनही कमी आढळलं. रताळ्यावरच्या सोंडकिड्याचं आणखी वेगळं: बसलेला असेल तर सोंग घेतो, चालता असेल तर सहसा घेत नाही. म्हणून थंडीत चाळल्या चाळल्या केलेली मोजणी मी मोजणी मानतच नाही.

धुरी फसली कशी? मागच्या भिंतीकडे ताडपत्रीची कड दाबून ठेवणारी वाळूची नळी सरकून बोटभर फट राहिली होती, तिथून वायू निसटला. त्यात गारठ्यात फॉस्फीनला मुळातच जास्त दिवस लागतात.

शून्य खोडून 13 लिहिले. थप्पी पुन्हा झाकली. या खेपेला वाळूच्या नळ्या दुहेरी लावल्या आणि मुदत 10 दिवस धरली.